100 टक्के कॉपी झालं, मग फोटो गेले कुठे? अनमाउंटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या बॅकअपवर लिहिलं तेव्हा 'डिस्क काढायच्या आधी अनमाउंट करा' एवढं एकच वाक्य होतं त्यात (माउंट म्हणजे डिस्क वापरासाठी जोडून घेणं, अनमाउंट म्हणजे ती रीतसर सोडवणं), आणि प्रश्न सगळे त्याच वाक्यावर आले. मला बरंच वाटलं, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. डेटा गेला म्हणून रडवेले झालेले लोक मी बघितलेत आणि त्यातल्या कितीतरी जणांची डिस्क खराब नव्हतीच, नुसती घाईत काढली होती.

एक आधीच सांगतो, कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. आणि लिनक्सवर ही कमांड 'यूमाउंट' अशी आहे, मधला 'एन' नाही, तो घातलात तर कमांड सापडली नाही असं उत्तर येतं आणि नवी मंडळी तिथेच अडकतात. नोव्हेंबर 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येसुद्धा ती 'यूमाउंट'च आहे, तेव्हापासून तशीच चालत आलीय.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे, दुकानात उबुंटू वापरतो. परवा एका लग्नाचे फोटो पार्टीला पेन ड्राइव्हवर दिले. कॉपीची पट्टी पूर्ण 100 टक्के झाली तेव्हाच ड्राइव्ह काढला. घरी गेल्यावर त्यांचा फोन आला, शेवटचे दोनशे-अडीचशे फोटो उघडत नाहीत, काहींची साइज शून्य दिसते. ड्राइव्ह नवा कोरा होता. बनावट निघाला का? (कराड)

बनावट ड्राइव्ह बाजारात असतात, पण तुम्ही सांगताय त्यावरून मला तरी दोष ड्राइव्हचा वाटत नाही. पट्टी 100 टक्के झाली म्हणजे फोटो ड्राइव्हवर पोचले असं नसतं, ते तुमच्या कॉम्प्युटरच्या रॅममध्ये पोचलेले असतात. पार्सल काउंटरवर दिलं आणि पावती हातात पडली की आपलं काम झालं, पण पार्सल तर अजून तिथेच गोणीत पडलेलं असतं ना, तसंच हे.

लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) असं मुद्दाम करतो कारण पेन ड्राइव्ह फार हळू लिहितो आणि प्रत्येक फाइलसाठी प्रोग्रामला ताटकळत ठेवलं तर सगळंच कूर्मगतीनं चालेल. म्हणून लिहायचा डेटा आधी मेमरीत ठेवतात, अशा अजून न लिहिलेल्या पानांना 'डर्टी' म्हणतात, आणि मागच्या मागे ती पानं सावकाश ड्राइव्हवर उतरवली जातात. नेहमीच्या सेटिंगमध्ये 30 सेकंदांपेक्षा जुनी झालेली डर्टी पानं लिहायला काढतात, आणि वापरता येण्याजोग्या मेमरीच्या साधारण 20 टक्क्यांपर्यंत असा माल साठू देतात. आता हिशोब करा, 16 जीबी रॅमच्या मशीनवर हा साठा सहज 3 जीबीच्या आसपास जातो, आणि स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला 5 एमबीनं लिहीत असेल तर तेवढा माल उतरायला 10 मिनिटं लागतात. म्हणजे पट्टी संपल्यावर 10 मिनिटं! तुम्ही बहुतेक त्याच वेळात ड्राइव्ह ओढलात.

साइज शून्य का दिसते तेही सांगतो. पेन ड्राइव्हवर फॅट किंवा एक्सफॅट ही फाइलसिस्टम (फाइल मांडून ठेवायची पद्धत) असते, त्यात फाइलचं नाव एका जागी लिहितात, ती कुठल्या कुठल्या तुकड्यांत आहे याचा तक्ता दुसऱ्या जागी, आणि खरा फोटो तिसऱ्याच जागी. नाव पोचलं आणि बाकीचं वाटेतच राहिलं की शून्य साइजची फाइल दिसणारच. यात जर्नल (चालू कामाची नोंदवही) वगैरे काही नसतं, त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम नंतर कोणी निस्तरत नाही.

अनमाउंट केलं की काय होतं, तर साठलेला सगळा माल ड्राइव्हवर उतरवला जातो, तक्ते पूर्ण केले जातात, 'हा ड्राइव्ह नीट बंद केलाय' अशी खूण केली जाते, आणि त्यानंतरच कमांड परत येते. फाइल मॅनेजरमध्ये इजेक्टचं बटण दाबल्यावर 'डेटा लिहिला जातोय, काढू नका' असा मेसेज येतो तो याच वेळचा, तो जाऊन 'आता काढा' असं येईपर्यंत हात लावायचा नाही. किती माल उरलाय ते बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो' करून बघा, आकडा उतरताना दिसतो.

आणखी एक गोष्ट, ही स्टुडिओवाल्यांनी तर लक्षात ठेवाच. कॉपी झाल्या झाल्या दोन-चार फोटो उघडून बघतात आणि म्हणतात, चला, उघडतायत. अहो, ते रॅममधूनच उघडतायत! खरं तपासायचं तर ड्राइव्ह अनमाउंट करा, काढा, परत लावा आणि मग उघडा. ते करेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका. काही जण सल्ला देतात की ड्राइव्ह 'सिंक' ऑप्शन लावून माउंट करा म्हणजे लगेच लिहिलं जाईल, ते मात्र नको, त्यात तोच तोच तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो, काम रखडतं आणि फ्लॅशचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच.

प्रश्न : दादा, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक्स्टर्नल हार्ड डिस्क अनमाउंट करायला गेलो की 'टार्गेट इज बिझी' येतं. सगळ्या विंडो बंद केल्या तरी तेच. शेवटी वैतागून केबल ओढतो. एका मित्रानं फ्यूजरची किल करणारी कमांड दिलीय, ती वापरू का? (नांदेड)

आधी केबल ओढणं बंद कर, मग बाकीचं बोलू. 'बिझी' हे कॉम्प्युटरचं नखरे करणं नाहीये, कोणीतरी आत आहे म्हणून तो दार लावत नाहीये. आपण घराला कुलूप लावताना आत कोणी राहिलंय का बघतो, तेच तो करतोय.

आता आत कोण असतं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा आपणच असतो. टर्मिनल उघडं असतं आणि त्यात 'सीडी' करून आपण त्याच डिस्कच्या फोल्डरमध्ये उभे असतो, फाइल एकही उघडी नसते तरी चालू डिरेक्टरी तिथली आहे एवढं कारण कर्नलला पुरतं. नुसतं 'सीडी' टाइप करून होम फोल्डरमध्ये ये आणि परत यूमाउंट कर, निम्मे प्रश्न इथेच सुटतात. दुसरा टॅब उघडा असेल तर तोही बघ.

तेवढ्यानं नाही झालं तर 'सुडो फ्यूजर -व्हीएम' आणि पुढे माउंट पॉइंटचा (डिस्क ज्या फोल्डरवर जोडलीय त्याचा) पाथ दे, कोण धरून बसलंय ते ही कमांड दाखवते. सुडो (अॅडमिनच्या अधिकारानं चालव) विसरू नकोस, नाहीतर दुसऱ्या युजरचे प्रोसेस (चालू प्रोग्राम) दिसत नाहीत आणि यादी रिकामी बघून आपण भलतीकडेच शोधत बसतो. यादीत प्रत्येक प्रोसेसपुढे एक अक्षर येतं, 'सी' म्हणजे त्याची चालू डिरेक्टरी तिथे आहे, छोटा 'एफ' म्हणजे फाइल उघडी आहे, मोठा 'एफ' म्हणजे लिहिण्यासाठी उघडी आहे, 'ई' म्हणजे प्रोग्रामच त्या डिस्कवरून चालतोय, 'एम' म्हणजे फाइल मेमरीत मॅप केलीय. मोठा 'एफ' दिसला की थांब, तिथे खरंच काहीतरी लिहिलं जातंय. 'सी' असेल तर फारसं काळजीचं नाही. 'एलएसओएफ'नं पण हीच माहिती फाइलच्या नावासकट मिळते, मला तर तेच जास्त आवडतं कारण नाव बघितलं की लगेच आठवतं, अरे हो, तो सिनेमा पॉज करून ठेवलाय.

कधी कधी प्रोसेसच्या यादीत कोणीच नसतं आणि तरी बिझी. मग बघायच्या जागा वेगळ्या. त्या डिस्कच्या एखाद्या फोल्डरवर दुसरंच काही माउंट केलेलं असतं, 'फाइंडमाउंट -आर' (इंग्रजीत शेवट 'एमएनटी', 'आर' मोठा) केलं की झाडासारखं दिसतं, आतलं आधी उतरवायचं मग बाहेरचं. त्या डिस्कवरची एखादी आयएसओ फाइल (डिस्कची पूर्ण प्रत) लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जणू वेगळी डिस्कच अशी, लावलेली असते, ती 'लोसेटअप -ए'मध्ये दिसते. कोणी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची) तिथे ठेवली असेल तर 'स्वॅपऑन --शो' सांगतं. किंवा तो फोल्डर एनएफएसनं (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या पद्धतीनं) शेअर केलेला असतो. ही सगळी कर्नलची स्वतःची पकड असते, तिथे कुठला प्रोसेस मारून उपयोग नाही.

आता मित्राच्या कमांडबद्दल. 'फ्यूजर -केएम' त्या डिस्कवरच्या सगळ्या प्रोसेसना थेट सिगकिल पाठवते, म्हणजे सेव्ह करायचीही संधी न देता. तू टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरमध्ये उभा असशील तर तुझं शेलही (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम) जाईल. पण खरा धोका पुढेच आहे. तू दिलेला पाथ माउंट पॉइंट नसेल, समजा डिस्क आधीच उतरलीय किंवा नावात एक अक्षर चुकून दुसऱ्याच फोल्डरचा पाथ पडला, तर तो फोल्डर ज्या फाइलसिस्टमवर आहे, म्हणजे बहुतेक वेळा रूटवर (सिस्टमच्या मुख्य डिस्कवर), तिथले सगळे प्रोसेस मारायला ती कमांड निघते. क्षणात मशीन आडवी. म्हणून वापरायचीच वेळ आली तर मोठा 'एम'चा ऑप्शन सोबत दे, मग पाथ खरंच माउंट पॉइंट असेल तरच ती पुढे जाते, आणि 'आय' दे म्हणजे प्रत्येकाला मारायच्या आधी विचारते. सिग्नलही 'टर्म' दे, म्हणजे प्रोग्रामला आवराआवर करता येते.

आणि एक युक्ती, ही फार जणांना माहीत नसते. धरून बसलेले सगळे नुसते वाचणारे असतील आणि तुला आत्ता घाई असेल, तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरओ' करून डिस्क फक्त वाचण्यापुरती कर. हे झालं याचा अर्थ लिहायचं सगळं लिहून झालं आणि नवीन काही लिहिलं जाणार नाही. मग वाचणाऱ्याला सावकाश शोध. कोणी लिहीत असेल तर हेही बिझीच सांगेल, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एक जुना एनएफएस सर्व्हर आहे, तो बंद पडला की सगळ्या क्लायंट मशीनवर डीएफसुद्धा (डिस्कची मोकळी जागा दाखवणारी कमांड) लटकतं आणि यूमाउंट तर परतच येत नाही. आता आम्ही सरसकट 'यूमाउंट -एल' वापरतो, लगेच होतं. याचा काही तोटा आहे का? (ठाणे)

तोटा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'-एल' म्हणजे लेझी. लिनक्स 2.4.11 पासून हे आहे. यात कर्नल काय करतो, तर ती फाइलसिस्टम फोल्डरच्या झाडावरून ताबडतोब तोडून टाकतो, नव्यानं कोणाला त्या पाथवरून आत जाता येत नाही, पण जे आधीपासून आत आहेत ते आतच राहतात, त्यांच्या फाइल उघड्याच राहतात, लिहिणं चालूच राहतं. शेवटचा माणूस बाहेर पडेल तेव्हा खरं अनमाउंट होणार, मग ते 2 सेकंदांनी होवो नाहीतर 2 दिवसांनी. कमांड लगेच परत येते ती काम झालं म्हणून नाही, ते पुढे ढकललं म्हणून. साध्या यूमाउंटचा शब्द पक्का असतो, तो परत आला म्हणजे डेटा पोचला. लेझीनं तसा शब्द दिलेलाच नसतो आणि आपण मात्र दिलाय असं धरून चालतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक यूएसबी बॅकअप डिस्क अशीच बिझी सांगत होती. रात्र झाली होती, घरी जायचं होतं, मी '-एल' मारलं, प्रॉम्प्ट आला, डिस्क काढून पिशवीत टाकली. आरसिंक (बॅकअप घेणारा प्रोग्राम) अजून लिहीत होता. दुसऱ्या दिवशी डिस्क लावली तर फाइलसिस्टम दुरुस्त करावी लागली आणि त्या रात्रीच्या कित्येक फाइल अर्ध्यामुर्ध्या. मूळ डेटा जागेवर होता म्हणून निभावलं. तेव्हापासून यूएसबी डिस्कवर मी लेझी वापरत नाही, काही झालं तरी नाही.

दुसरा घोटाळा याहून छुपा. डिस्क लेझीनं उतरवली, मागे रिकामा माउंट पॉइंट फोल्डर राहिला, रात्रीचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आला आणि बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्येच ओतून गेला, म्हणजे तुमच्या रूट डिस्कवर. रूट भरतं, सर्व्हिस बंद पडायला लागतात, आणि तुम्ही डिस्क परत माउंट केलीत की त्या फाइल खाली झाकल्या जातात, डीयू (फाइलनी घेतलेली जागा मोजणारी कमांड) करून शोधल्या तरी दिसत नाहीत पण जागा गेलेली असते. हे साध्या अनमाउंटनंतरही होऊ शकतं, पण लेझीच्या सवयीत जास्त होतं कारण कोण चालू आहे ते आपण बघतच नाही. उपाय सोपा आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ 'माउंटपॉइंट -क्यू' ठेवा, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. आणि डिस्क उतरलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर +आय' करून टाका, मग त्यात कोणालाच, अगदी रूट युजरलासुद्धा (म्हणजे अॅडमिनला), चुकून लिहिता येत नाही. माउंट मात्र त्यावर नेहमीसारखं होतं.

आता तुमचा एनएफएस. तिथे क्लायंट अडकतो कारण 'हार्ड' माउंट हे डिफॉल्ट आहे, म्हणजे सर्व्हर गेला तर क्लायंट परत परत विचारत राहतो, हार मानत नाही. त्रासदायक वाटतं पण लिहिण्याच्या दृष्टीनं तेच योग्य, सर्व्हर परत आला की काम जिथं थांबलं तिथून पुढे सुरू. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की सर्व्हर परत येणार आहे का. येणार असेल तर वाट बघा, खरंच. येणारच नसेल तर आधी 'यूमाउंट -एफ' करा, हा फोर्स नेटवर्कच्या फाइलसिस्टमसाठीच आहे, अडकलेल्या रिक्वेस्ट तो एरर देऊन मोकळ्या करतो. (घरच्या, लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 फाइलसिस्टमच्या डिस्कवर बिझी आलं म्हणून '-एफ' देणारे खूप भेटतात, तिथे त्याचा काही उपयोग होत नाही.) अडकलेले प्रोसेस 'किल -9'नं मारा, 2008 च्या 2.6.25 कर्नलपासून एनएफएसवर अडकलेले प्रोसेस त्यानं मरतात, त्याआधी ते 'डी' स्टेटमध्ये, म्हणजे मारताही न येणाऱ्या अवस्थेत, तसेच पडून राहायचे आणि मशीन रीबूट करण्यावाचून गत्यंतर नसायचं. एवढं सगळं करून नाही सुटलं, तरच '-एल'. मेलेल्या सर्व्हरसाठी लेझी ठीक आहे, कारण तिथे वाचवायला काही उरलेलंच नसतं. सरसकट वापरू नका एवढंच म्हणणं आहे. आणि अडकलेल्या मशीनवर डीएफ करू नका, तो प्रत्येक माउंटला हात लावायला जातो आणि लटकतो, 'कॅट /प्रॉक/माउंट्स' करा, तो लटकत नाही.

लेझी केल्यावर खरं अनमाउंट झालं का हे बघायचं असेल तर 'डीमेसेज' (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड, इंग्रजीत शेवट 'एमईएसजी') बघा, एक्सएफएस फाइलसिस्टम असेल तर 'अनमाउंटिंग फाइलसिस्टम' अशी ओळ येते, नव्या कर्नलमध्ये ईएक्सटी4 पण तशी ओळ लिहितं. ती ओळ आली नसेल तर डिस्क अजून कोणाच्या तरी हातात आहे.

प्रश्न : विंडोजवर 'सेफली रिमूव्ह' आता लागत नाही असं ऐकलं, खरं का? आणि 'डिव्हाइस इज इन यूज' येतं तेव्हा कोण वापरतंय ते कसं कळणार? (पणजी)

अर्धं खरं. विंडोज 10 च्या 1809 व्हर्जनपासून 'क्विक रिमूव्हल' हे डिफॉल्ट झालं, म्हणजे बाहेरच्या ड्राइव्हसाठी विंडोज लिहायचा माल मेमरीत साठवून ठेवत नाही. त्यामुळे कॉपी संपून थोडा वेळ गेला असेल तर नुसता पेन ड्राइव्ह काढला म्हणून सहसा काही बिघडत नाही. पण कोणी 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं असेल तर ते लागू नाही, आणि मागे कुठला प्रोग्राम लिहीत असेल तर कुठल्याच सेटिंगनं वाचत नाही. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला तर मी कायम इजेक्ट करतो, चकती थांबते, हेड नीट बाजूला जातं, मग काढायची. चालत्या डिस्कची वीज एकदम गेली तर हेडला तातडीनं मागे यावं लागतं आणि तसं वारंवार होणं चांगलं नाही.

कोण धरून बसलंय हे बघायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टमच्या लॉगमध्ये कर्नल-पीएनपीचा 225 नंबरचा इव्हेंट शोधा, त्यात प्रोग्रामचं नाव आणि प्रोसेस आयडी दिलेला असतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज बंद करून लिनक्स सुरू केलं की विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, पेपर सेट केलेला सेव्ह होत नाही. कधी कधी ड्राइव्ह उघडतच नाही. पासवर्डचा प्रश्न आहे का? (कोल्हापूर)

नाही ताई, पासवर्डचा काही संबंध नाही. विंडोजनं तो ड्राइव्ह अनमाउंट केलेलाच नाही, म्हणून हे होतंय.

2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' आहे. तुम्ही 'शट डाउन' म्हणता, तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा आतला गाभा बंद न होता जसाच्या तसा हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवला जातो, म्हणजे सकाळी लवकर सुरू होतं. त्या गाभ्याच्या हिशेबात एनटीएफएस ड्राइव्ह अजून माउंटच आहे, त्यातल्या नोंदी त्याच्या आठवणीत आहेत. आता मधल्या मध्ये लिनक्सनं त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर सकाळी विंडोज जुन्या आठवणीवर विसंबून लिहायला लागेल आणि दोघं मिळून ड्राइव्हची वाट लावतील. लिनक्सचा ड्रायव्हर ही खूण बघतो आणि लिहायला नकार देतो. तो तुमच्या पेपरची काळजीच घेतोय.

दोन मार्ग आहेत. रोजच्या वापरात 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करा आणि मग लिनक्स निवडा, रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. किंवा कायमचं मिटवायचं तर पॉवर ऑप्शनमध्ये फास्ट स्टार्टअप काढून टाका, किंवा अॅडमिन म्हणून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवा, मग हायबरनेशनच बंद होतं. लॅपटॉपला सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, पण तुमचं काम वाचेल. हायबरनेशनची फाइल उडवून किंवा 'फोर्स' देऊन माउंट करायचा सल्ला कोणी दिला तर करू नका, विंडोज हायबरनेट करताना जे उघडं आणि सेव्ह न केलेलं होतं ते त्यात जातं.

प्रश्न : सर्व्हरवर डिस्क यूमाउंट झाली, माउंटच्या यादीत नाही, एलएसओएफ रिकामं, तरी एमकेएफएस (फॉरमॅट करणारी कमांड) म्हणतं डिस्क सिस्टम वापरतेय. त्या मशीनवर कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) चालतात. वेड लागायची पाळी आलीय. (पुणे)

कंटेनर म्हणालात तिथेच उत्तर आहे. लिनक्समध्ये माउंटची यादी सगळ्या मशीनला मिळून एकच असते असं नाही. 2002 च्या 2.4.19 पासून माउंट नेमस्पेस आहेत, प्रत्येक नेमस्पेसची यादी आपली आपली. कंटेनर सुरू झाला त्या वेळी तुमची डिस्क माउंट होती, त्या माउंटची प्रत त्याच्या यादीत गेली. नंतर तुम्ही होस्टवर (मूळ मशीनवर) उतरवली, पण ती बातमी आत पोचतेच असं नाही, ते 2006 च्या 2.6.15 पासून आलेल्या शेअर्ड-प्रायव्हेटच्या सेटिंगवर आहे. कंटेनरच नाही, सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) काही सर्व्हिसनासुद्धा स्वतःची नेमस्पेस असते.

'ग्रेप'नं डिव्हाइसचं नाव '/प्रॉक/*/माउंटइन्फो'मध्ये शोधा, रूट म्हणून. ज्या प्रोसेसच्या यादीत सापडेल त्याचा आयडी घेऊन 'एनएसएंटर -टी' तो आयडी '-एम' आणि पुढे यूमाउंट. किंवा तो कंटेनर सरळ रीस्टार्ट करा, ते जास्त स्वच्छ. तिथेही नसेल तर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारा थर) किंवा लक्स (एन्क्रिप्शनचा थर) बघा, फाइलसिस्टम उतरली तरी खालचा थर उघडाच असतो, 'क्रिप्टसेटअप क्लोज' किंवा 'व्हीजीचेंज -एएन' राहिलेलं असतं. आणि एमकेएफएसला जबरदस्तीचा ऑप्शन अजिबात देऊ नका, आत कोणीतरी अजून त्याच डिस्कवर लिहीत असेल.

प्रश्न : आमच्याकडे लाइट कधीही जाते. मशीन स्वतः बंद होताना ज्या डिस्कवर सिस्टम आहे ती कशी अनमाउंट होते, आणि मशीन हँग झाली तर पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय काही करता येतं का? (लातूर)

ज्या फांदीवर बसलोय ती तोडता येत नाही, म्हणून रूट फाइलसिस्टम बाकीच्यांसारखी उतरवत नाहीत. शटडाउनमध्ये आधी सर्व्हिस थांबवतात, न थांबणाऱ्यासाठी सिस्टमडी नेहमी 90 सेकंद वाट बघतो (स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' येतं ते हेच, त्यात बटण दाबून मध्येच तोडू नका), मग उरलेले प्रोसेस मारून बाकीच्या डिस्क उतरवतात आणि रूटला फक्त वाचण्यापुरतं करून टाकतात. तेवढं पुरतं, कारण लिहायचं काही शिल्लक राहत नाही.

लाइट एकदम गेली तर यातलं काहीच होत नाही. ईएक्सटी4 चं जर्नल साधारण दर 5 सेकंदांनी पक्कं होतं आणि पुढच्या वेळी ते वाचून फाइलसिस्टमचा सांगाडा सरळ करून घेतात, त्यामुळे मशीन बहुतेक वेळा सुरू होते. पण जर्नल सांगाडा वाचवतं, तुम्ही शेवटच्या अर्ध्या मिनिटात सेव्ह केलेलं पत्र वाचेलच असं नाही. छोटा यूपीएस घ्या, लातूरात तर घ्याच.

मशीन हँग झाली असेल तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बऱ्याच कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून एकेक अक्षर दाबा, 'एस' म्हणजे साठलेलं लिहून टाक, 'यू' म्हणजे सगळ्या फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरत्या कर, 'बी' म्हणजे लगेच रीबूट. प्रत्येकामध्ये काही सेकंद जाऊ द्या, डिस्कचा दिवा थांबेपर्यंत. उबुंटूत ही सेटिंग 176 अशी असते, म्हणजे 16 अधिक 32 अधिक 128, आणि ते तीन आकडे नेमके याच तीन कामांचे आहेत, तेव्हा वेगळं काही चालू करावं लागत नाही. एकदा मशीन चांगली चालू असताना 'एस' दाबून बघा आणि डीमेसेजमध्ये 'इमर्जन्सी सिंक'ची ओळ येते का तपासा, काही लॅपटॉपवर एफएन बटण पण धरावं लागतं आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.